अक्काच्या न्हाणीतला वेल

अक्का, तू गेल्यावर तुझ्या वेलानं पुन्हा पानं टाकायला सुरुवात केली. तेरवीचे पाहुणे गेले, भाड्यानं आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, नितीनही पुण्याला गेला. जाताना तुझ्या पोरानं फ्लॅटची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मामा, त्या झाडाचं काय ते तुम्हीच बघा." बघा म्हणजे काय बघा? द्राक्षबागेतलं काम गड्यांवर टाकून मी कालपर्यंत रोज सकाळी गाडी काढायचो, नवीन जालन्यात यायचो, तुझं कुलूप उघडायचो, चपला काढून सरळ न्हाणीत जायचो आणि बघायचो. फरशीवर पानं पडलेली असायची. काठ करपून कुरकुरीत झालेले, मधली चांदी मात्र जशीच्या तशी. मेलेल्या पानावरचीसुद्धा नक्षी जात नाही, हे पाहून माझं डोकं आणखीच फिरायचं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. तेरवीला सगळे तेच करत होते. बाई किती शिस्तीच्या, मंठ्याच्या शाळेत बाईंनी किती पोरी शहाण्या केल्या, नवरा गेल्यावर एकटीनं पोराला कसं वाढवलं. मीही मान हलवत होतो. पण मनात एकच चाललं होतं: या बाईनं एका वेलापायी माझ्याशी इतकी भांडणं उकरली, आणि एकही पुरं न करता निघून गेली. तू शाळेत पोरींना अर्धवट गणित सोडून उठू द्यायची नाहीस. मग मला असं मधेच कसं सोडलंस?

तू रिटायर झालीस आणि बरोबरच्या बायांबरोबर केरळला गेल्तीस, तेव्हा तुला घ्यायला मी स्टेशनावर आलो होतो. बाकीच्या बायांच्या पिशव्यांत मसाले, केळाचे वेफर्स. तू प्लॅटफॉर्मवरच बाकावर बसलीस आणि स्टीलचा डबा उघडलास. मला वाटलं, भावासाठी काहीतरी गोड आणलंय. आत ओल्या रुमालात गुंडाळलेली एक काडी होती. तिला एकच पान.

पान बाकी होतं बघण्यासारखं. लांबट बदामाच्या आकाराचं, हिरवं मखमल असावं तसं, शिरांच्या मधे मधे चांदीचे ठिपके, मधल्या शिरेपाशी जांभळी झाक. तू ते हळूच उलटं केलंस, तर खालून बीट कापल्यासारखं लालभडक.

"कुणी रंगवलंय काय गं हे?" मी खरंच विचारलं होतं.

तुला इतका आनंद झाला होता! "न्हाई रे. ज्यांच्या घरी उतरलो ना, त्यांच्या विहिरीवर होता. द्राक्षाच्या खानदानातला हाय म्हणे. म्हंजी तुझाच भाऊबंद."

"मंग याला द्राक्षं लागतील?"

"न्हाई."

"मंग?"

"मंग काय? पानं."

त्या बाकावर आपलं पहिलं भांडण झालं आणि ते आजवर मिटलेलं नाही.

जिथं आठ महिने हवा दमट राहते, तिथला तो वेल. तू त्याला आणलंस कुठं, तर जालन्यात. आपल्याकडं दोरीवर वाळत घातलेला टॉवेल आपण आत जाऊन येईपर्यंत वाळतो. पहिल्या उन्हाळ्यात तो गॅलरीत मरायलाच टेकला होता. मग तुला शोध लागला की घरात ओलावा टिकतो ती जागा एकच, न्हाणी. तिथली खिडकी पूर्वेची, तिला दुधी काच, ऊन गाळून येतं. तू कुंडी तिथं नेलीस आणि तो पठ्ठ्या निघाला. आधी नळाच्या पाइपावर, मग गीझरवर, मग टॉवेलच्या दांडीवर. लाल लाल बारीक ताणे काढून जे सापडेल ते धरत गेला. तू आडव्या दोऱ्या बांधून दिल्यास. तुझ्या घरी आंघोळ करायची म्हणजे पाहुण्यानं मान वाकवून करायची, आणि पाणी उडालं तर उलट चांगलंच. माझ्या साडूनं एकदा डोळ्यांत साबण गेला म्हणून टॉवेल समजून वेल ओढला होता. तो बिचारा लाल डोळ्यांनी माफी मागत होता आणि तू दिवसभर त्याच्याशी बोलली नाहीस. जेवायला वाढलंस, पण बोलली नाहीस.

आणि पाणी! नळ कधी येईल याची वाट बघणारं आपलं गाव. पाणी आलं की सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन धावते. तुझ्या वेलाला तर नळाचं पाणी चालायचंच नाही, पानांवर पांढरे डाग पडतात म्हणे. मग शेजारच्या नसीमबाजींच्या एसीच्या नळीखाली तू बादली लावलीस. पावसाळ्यात गच्चीवर पिंप. पाहुणा आला तर त्याला पाण्याचा अर्धा पेला आणि वेलाला मात्र सकाळ-संध्याकाळ फुसफुस फवारा. हे मी तुझ्या तोंडावर म्हणालो होतो. तू म्हणालीस, "पाहुणा मागून घेतो. त्याला तोंड हाय का?"

एका मे महिन्यातली दुपार मला विसरता येत नाही. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी बियाण्याच्या कामासाठी आल्तो, म्हटलं अक्काकडं थंड हवेत टेकावं. तू हॉलमध्ये खुर्चीवर बसून वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत होतीस, केस कपाळाला चिकटलेले. कूलरचा आवाज तर येत होता. बघतो तर कूलर न्हाणीच्या दारात, तोंड आत.

"अक्का, हे काय चाललंय?"

"त्याला कोरडी हवा सोसत न्हाई."

"आणि तुला सोसती?"

"मी जालन्याचीच हाय. तो न्हाई."

मी कूलर उचलून तुझ्याकडं तोंड करून ठेवला. खाली उतरून गाडी सुरू करतोय, तर वरून कूलर सरकवल्याचा आवाज आला.

मी शेतकरी माणूस. फळ न देणाऱ्या, सावली न देणाऱ्या, जनावरंही खाणार नाहीत अशा वेलाला पाणी घालणं मला पटत नाही. आजही पटत नाही. हे मी तुला बागेत, भरल्या मांडवाखाली उभं राहून सांगितलं होतं. तू मान वर करून बघत होतीस. म्हणालीस, "बापू, तुझ्याकडं इतकी पानं हायत. त्यातलं एक तरी तू नुसतं पान म्हणून बघितलं का? तू बघतो ते रोग, भुरी आली का, करपा आला का."

"पानं बघत बसलो तर माल कोण काढील?"

"तेच म्हणते मी. जन्मभर मीबी असंच केलं. शाळा कामाची, नितीन कामाचा, सासूचं करणं कामाचं. जे हाती घेतलं ते कुणाच्या ना कुणाच्या कामाचं. हा एक कुणाच्याच कामाचा न्हाई. राहू दे की रे तसा."

मी पाण्यावर घसरलो. पाणी कुठंय आपल्याकडं, वगैरे. तू हसलीस. माझं उत्तर संपलं की मी पाण्यावर घसरतो, हे तुला लहानपणापासून माहीत होतं.

एका गोष्टीत मात्र मी तुझ्यापेक्षा जास्त जाणतो असं मला वाटायचं, आणि तिथंच तू मला बिलकुल ऐकून घेतलं नाहीस. वेल खालून उघडा पडत चालला होता. बुडाशी नुसत्या काड्या, पानं सगळी वर छताला. मी म्हणालो, खालून छाट, खरड छाटणी कर, दर एप्रिलला आम्ही द्राक्षाला करतो तशी. डोळे फुटतील, नवी पानं येतील.

"कात्री लावायची न्हाई."

"अक्का, मी सगळं आयुष्य हेच करून राह्यलो."

"तुझे वेल तुला माहीत. माझ्या वेलाला कात्री न्हाई लावायची."

का, ते सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही, नुसता चिडलो.

मग दिवाळीनंतर तुला जिना चढताना धाप लागायला लागली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयातली झडप खराब झालीय, छाती उघडून बदलावी लागेल, उगाच लांबवू नका. मला वाटलं, महिनाभरात होऊन जाईल. नितीन सुट्टी काढायला तयार होता, माझी मंगल तुझ्यापाशी राहायला तयार होती. बायको माझी, पण स्वतःच्या आईसाठी एवढी तयारी करत नाही. आणि तू?

"थंडी जाऊ दे. थंडीत त्याची पानं गळत्यात, लक्ष द्यावं लागतं."

थंडी गेली. "आता उन्हाळा लागला बघ. आता गेले तर आठवड्यात वाळून कोळसा होईल."

"मंग कधी?"

"पाऊस पडू दे. पण पावसात त्याला फूट येती, तेव्हाबी..."

बारा महिने त्याचं काही ना काही! मी म्हणालो, मंगल बघील. तू म्हणालीस, ती पाणी जास्त घालते. मी म्हणालो, माझ्याकडं दे. तर म्हणे, "तू त्याच्यावर औषध फवारशील." नितीन फोनवर रडकुंडीला यायचा. "मामा, आईला तुम्हीच सांगा." जसं काही मी सांगत नव्हतो.

म्हणून मार्चमध्ये, बागेतला शेवटचा माल निघाला त्या दिवशी, मी ते केलं. तू बँकेत गेल्तीस. नसीमबाजींकडं तुझी जादा किल्ली असते, ती घेतली, दोऱ्या सोडल्या, वेल कुंडीसकट गाडीत घातला आणि शेतावर नेला. हाल केले नाहीत त्याचे. पॅकिंगच्या शेडमध्ये ओल्या पोत्यांच्या आडोशाला ठेवला. एक फांदी मोडली, ती माझ्यामुळं नाही, गीझरनं सोडलीच नाही. मग तुला फोन केला, "वेल माझ्याकडं हाय. ऑपरेशन झाल्यावर मिळंल."

तू फोन ठेवलास.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तू फाट्यावर काळ्या-पिवळ्या जीपमधून उतरलीस आणि गाडरस्त्यानं चालत आलीस. मंगल मला हाका मारत पळत आली, "अहो, अक्का आल्यात, पायी!" मी शेडमध्ये पोचलो तर तू क्रेटवर बसली होतीस. ओठ काळपट पडलेले, छाती भात्यासारखी वरखाली. मंगलनं तांब्या दिला. तू घोटभर प्यायलीस आणि वेलाकडं बघितलंस, मग माझ्याकडं.

"तुझं भांडण माझ्याशी हाय ना? मंग त्याला काहून आणलं?"

"तू त्याच्याआड लपती म्हणून!" मी ओरडलो. गडी बघत होते. "मरायचंय का तुला या पाल्यापायी? सांग एकदा. मंग मी काही बोलत न्हाई."

तू चिडशील असं वाटलं होतं. तू नुसती बघत राहिलीस. धडा नीट पाठ केलाय का हे ताडताना तू पोरींकडं बघायचीस, तशी. मग पदरानं तोंड पुसलंस.

"बरं. अक्षय तृतीया झाली की जाऊ."

"नक्की?"

"नक्की म्हणलं ना. आता जल्दी घरी सोड मला. त्याला इथली हवा लागू राह्यली."

गाडीत कुंडी तुझ्या मांडीवर होती. वेल तुझ्या खांद्यावर, थोडा माझ्या गिअरवर. मी मनातून खूश होतो, की शेवटी मी जिंकलो. आणि अक्का, मी तुझ्यासमोर आजही म्हणीन, माझं बराबर होतं. तो वेल मी पुन्हा उचलून नेला असता.

अक्षय तृतीया यायच्या आधीच, एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या तू गेलीस. नसीमबाजींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा कूलर चालूच होता, आणि त्याचं तोंड न्हाणीकडं होतं. मी काय केलं माहितीये? माणसं जमलेली, मंगल हंबरडा फोडून रडतेय, आणि मी कूलरला लाथ घातली. लोकांना वाटलं, दुःखानं भान गेलं. भान गेलं नव्हतं. मला त्या कूलरचा राग आला होता. वेलाचा आला होता. सगळ्यांत जास्त तुझा.

तेव्हापासून कालपर्यंत हे असंच चाललं होतं. रोज यायचो, फवारा मारायचो, ओली पोती टांगायचो, दुपारपर्यंत ती वाळायची. तुला हा जमत होता, मला जमला नाही. तू काय वेगळं करायचीस, ते सांगून गेली नाहीस. द्राक्षाचे मांडवच्या मांडव वाढवलेला माणूस मी, आणि एका कुंडीपुढं हात टेकले.

काल मी न्हाणीत पानं गोळा करत होतो. दार उघडंच होतं. नसीमबाजी बादली घेऊन आल्या. त्यांनी अजून एसीच्या नळीखालची बादली काढलेली नाही.

"भाईसाब, पानी लाई."

मी म्हणालो, "कशाला बाजी? आता कुणासाठी? याच्यापायीच गेली ती. या वेलापायी ऑपरेशन टाळलं तिनं."

त्यांनी बादली खाली ठेवली. "बेल के वास्ते कायकू टालेगी, भाईसाब? अक्का डरती थी."

"कशाला डरती थी?"

"सीना खोलते ना, उसकू. रोज बोलती थी मेरे कू. इधर बैठ के बोलती थी, नसीम, एक बार खोल दिये, फिर मैं उठीच नई तो?"

अक्का! तू आणि डर? आपले आबा गेले तेव्हा चितेपाशी न डगमगता उभी राहिलेली तू? गावातल्या पाटलाला शाळेच्या दारातून परत पाठवणारी तू?

"मला काहून न्हाई सांगितलं मंग?" मी बाजींवरच ओरडलो. त्यांचा काय दोष.

"मना करी थी. बोली, बापू कू नक्को बोल, वो घबरा जाता."

मी घाबरतो! इतका संताप आला मला. हे म्हणजे कमालच झाली. महिनोन्‌महिने मी त्या वेलाशी भांडत होतो. पाण्यावरून, हवेवरून, कात्रीवरून. माझी सगळी ताकद मी त्या पाल्यावर घालवली, आणि भांडण पाल्याचं नव्हतंच. खरं काय ते तू भिंतीपलीकडच्या बाईशी रोज बोलत होतीस आणि सख्ख्या भावाला त्याचा वारासुद्धा लागू दिला नाहीस. भीती वाटते एवढं म्हणाली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? निदान भांडायला खरी गोष्ट तरी मिळाली असती.

खाली गाडीत छाटणीची कात्री असतेच. ती घेऊन वर आलो. बाजी दारात उभ्या होत्या. मी सगळ्या दोऱ्या सोडल्या. गीझरवरून, दांडीवरून, खिडकीवरून वेल उतरवला आणि बुडाशी दोन-दोन डोळे ठेवून छाटून टाकला. रागावलीस तर रागाव. कापल्या जागी पाणी आलं, आमच्या द्राक्षाला येतं तसंच. छाटलेल्या काड्यांतल्या बऱ्या बऱ्या बाजींनी वेचून घेतल्या आणि बाटलीत लावायला नेल्या. कुंडीत आता नुसते खुंट आहेत. फुटतील का वाळतील, मला सांगता येत नाही. द्राक्षाचं मी छातीठोकपणे सांगितलं असतं.

न्हाणी एकदम मोठी आणि उजेडाची झाली. मी तिथल्या स्टुलावर बसलो, आणि मला औरंगाबादचा तो दिवस आठवला.

डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावत होते, छाती कुठून उघडणार, झडप कुठं बसवणार. तू खुर्ची पुढं ओढून नीट ऐकत होतीस, मधेच प्रश्न विचारत होतीस. आणि मी म्हणालो, "गाडी नीट लागली न्हाई वाटतं, बघून येतो." गाडी बराबर लागलेली होती, अक्का. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून बसलो. किती वेळ गेला कोण जाणे. तू एकटीच बाहेर आलीस, हातात तो चित्राचा कागद. माझ्या शेजारी पायरीवर बसलीस. माझ्या हातांकडं बघितलंस, आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकलास.

मग म्हणालीस, "चल बापू. जाताना एखाद्या नर्सरीत थांबू. वेलाला नारळाचा भुसा घ्यायचाय."